अडीच वर्षांचं मूल, शी-शू आणि शाळा

मुलाच्या शी-शूच्या सवयीचा विषय निघाला की घरात दोन मतं हमखास पडतात. आजी सांगते, आमची मुलं वर्ष-सव्वा वर्षाची झाली की दुपटी ओली करत नसत. आई सांगते, डॉक्टर म्हणालेत घाई करू नका, मूल तयार झालं की शिकेल. दोघींचंही खरं असतं. गेल्या शंभर वर्षांत जगभर या प्रश्नावर जे लिहिलं गेलं, मोजलं गेलं, त्यातही हेच दोन सूर आहेत आणि दोन्हींच्या पाठीशी पुरावा आहे. या दोघींच्या मध्ये आता शाळा येऊन उभी राहते. तिला वाट पाहायला वेळ नसतो. वर्ग सुरू होईल त्या दिवशी तिला डायपर सुटलेलं मूल हवं असतं.

या विषयावरचं जितकं वाचत गेले, बालवाड्यांतल्या बायकांशी जितकं बोलत गेले, तितकी एक गोष्ट मनात पक्की होत गेली. तपासणी फक्त मुलाची होते. शाळेची तयारी आहे का, हे कोणी विचारत नाही. मुलांना होणारा त्रास मात्र बराचसा तिथूनच सुरू होतो.

आधी आजीचं म्हणणं नीट समजून घेऊ, कारण हल्ली ते फार सहज उडवून लावलं जातं. बाळ झोपून उठलं, दूध प्यालं की आजी पाय पुढे घेऊन बसायची, बाळाला आपल्या दोन पावलांवर बसवायची, मांड्यांना धरायची आणि तोंडाने ‘श्शू’ करायची. यात शरीराची चांगली जाण आहे. पोटात दूध गेलं की आतड्यांना चालना मिळते, म्हणून दूध पिऊन झाल्यावरची वेळ. गुडघे पोटाशी आले की शी सुटायला सोपं जातं, म्हणून ती बैठक. आवाज आणि बैठक यांची सांगड बाळाच्या अंगात काही आठवड्यांत बसते. बाळ कधी कुरकुरतं, कधी अंग ताठ करतं, हे आजीलाही कळू लागतं. ‘यात मूल शिकत नाही, आजी शिकते’ असं काही जण म्हणतात. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. शिकणं दोघांचंही होतं. सुरुवातीला आजीचं जास्त, पुढे बाळाचं.

ही पद्धत आपल्यापुरती नाही. केनियातल्या दिगो समाजात अशीच बैठक आणि असाच आवाज वापरून पहिल्या काही आठवड्यांपासून सवय लावतात आणि पाच-सहा महिन्यांची बाळं दिवसा बरीचशी कोरडी असतात, असं डीव्रीस या संशोधक दांपत्याने १९७७ साली ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात नोंदवलं. व्हिएतनाममध्येही आया शीळ घालतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश आणि व्हिएतनामी संशोधकांच्या अभ्यासात तिथली जवळजवळ सगळी मुलं दोन वर्षांची होईपर्यंत स्वतःहून पॉटीवर जाऊ लागली होती. त्यांचं मूत्राशयही पूर्ण रिकामं होत होतं, म्हणजे या सवयीने शरीराचं नुकसान झालेलं नव्हतं.

मग आजचे डॉक्टर थांबायला का सांगतात? त्याचं उत्तर अमेरिकेच्या इतिहासात आहे. तिथल्या सरकारच्या बालविभागाने १९१४ साली ‘इन्फंट केअर’ ही पुस्तिका काढली आणि ती लाखो घरांत पोचली. तिच्यात अगदी तान्ह्या वयापासून सवय लावायचा आग्रह होता. १९३०च्या दशकातल्या आवृत्तीत तर बाळ आठ महिन्यांचं होईपर्यंत शीची सवय पुरी व्हावी, घड्याळाच्या काट्यावर व्हावी आणि त्यासाठी गुदद्वारात साबणाची कांडी घालावी, इथपर्यंत मजल गेली. आजीच्या पद्धतीत आणि यात फरक आहे तो सक्तीचा. आजी बाळाची खूण बघत होती, ही पुस्तिका घड्याळ बघत होती. या सक्तीला उतारा म्हणून बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांनी १९४६ सालच्या आपल्या पुस्तकात सबुरी सुचवली, आणि १९६२ साली टी. बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञाने दहा वर्षांत पाहिलेल्या ११७० मुलांच्या नोंदी मांडल्या. पालकांना त्यांनी मुलाच्या कलाने घ्यायला सांगितलं होतं. ती मुलं सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची असताना दिवसा कोरडी राहू लागली. ‘रेडीनेस’ म्हणजे मुलाच्या तयारीची कल्पना जगभर रुजली ती ब्रेझल्टन यांच्या या मांडणीपासून.

त्याच सुमारास, १९६१ साली, पॅम्पर्स बाजारात आलं. मुलाला ओलं वाटेनासं झालं, आईचं धुणं वाचलं आणि थांबण्याची किंमत कमी झाली. पुढे १९९८ साली मोठ्या मुलांच्या मापाच्या डायपरच्या जाहिरातीत खुद्द ब्रेझल्टन दिसले आणि त्यावर बरीच टीका झाली. त्यामुळे त्यांचं मूळ काम खोटं ठरत नाही. पण थांबा म्हणणाऱ्या सल्ल्यात कोणाचा फायदा असतो, हे पालकांनी जाणून असावं. दुसऱ्या टोकाला १९७४ साली ॲझरीन आणि फॉक्स या मानसशास्त्रज्ञांचं एका दिवसात सवय लावण्याचं पुस्तक आलं. भरपूर पाणी पाजायचं, बाहुलीकडून करून दाखवायचं, कोरडं राहिल्याबद्दल कौतुक आणि खाऊ. तेही खूप खपलं. २००६ साली या सगळ्या संशोधनाचा पद्धतशीर आढावा घेतला गेला, तेव्हा सुदृढ मुलांमध्ये दोन्ही पद्धती चालतात, पण कुठली सरस हे सांगण्याइतके चांगले अभ्यास झालेलेच नाहीत, असा निष्कर्ष निघाला. इतक्या घरांत रोज घडणाऱ्या गोष्टीवर इतकं थोडं संशोधन व्हावं याचं मला अजूनही नवल वाटतं. बायकांचं काम म्हणून या विषयाकडे दुर्लक्ष झालं असावं, असं माझं मत आहे.

तरी काही अभ्यास उजेड टाकतात. स्वित्झर्लंडमध्ये झुरिचला बालरोगतज्ज्ञ रेमो लार्गो यांनी दोन पिढ्यांची तुलना केली. १९५०च्या दशकात जन्मलेल्या मुलांना जवळजवळ सगळ्याच घरांत वर्षाच्या आत बसवायला सुरुवात झाली होती. पुढच्या पिढीत ती सुरुवात दीड वर्षाच्या पुढे सरकली. लघवीवरचा ताबा मात्र दोन्ही पिढ्यांना साधारण एकाच वयात आला. शीच्या बाबतीत पहिली पिढी सुरुवातीला पुढे होती, मग दुसरीने तिला गाठलं. फिलाडेल्फियातल्या २००३ सालच्या एका अभ्यासात सत्तावीस महिन्यांच्या आत जोराने शिकवणी सुरू केलेल्या मुलांना शिकायला जास्त काळ लागला, अपाय मात्र दिसला नाही. उलट २००९ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात बत्तीस महिन्यांनंतर शिकलेल्या मुलांमध्ये पुढे अचानक घाईची लघवी होण्याची तक्रार जास्त आढळली. म्हणजे फार लवकर जोर लावून काही मिळत नाही, आणि वाट बघत तीन-साडेतीन वर्षं काढणंही बरं नाही. सवयीची ओळख लवकर करून द्यावी, आग्रह उशिरा धरावा, असं मला यातून दिसतं. आजीची बैठक ओळख करून देते. तिला विरोध करायचं काहीच कारण नाही.

आग्रह धरायची वेळ कशी ओळखायची? बेल्जियमच्या फ्लेमिश भागात मुलं अडीचाव्या वर्षी बालशाळेत जातात, त्यामुळे तिथल्या संशोधकांना हा प्रश्न टाळता येत नाही. त्यांनी २०१२ साली सगळं साहित्य चाळलं तेव्हा तयारीच्या एकवीस खुणा सापडल्या आणि त्यांतल्या कुठल्या महत्त्वाच्या यावर एकमत काही सापडलं नाही. सगळ्या एकवीस खुणा दिसेपर्यंत थांबलेलं मूल पहिलीत जाईल. माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. लंगोट किंवा डायपर दीड-दोन तास कोरडं राहतं का, हे पहिलं. मूत्राशय साठवायला लागल्याची ती खूण आहे. अडीच वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण शंभर मिलिलिटर लघवी मावते, टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासात मावतो तेवढ्या चहाइतकी. एवढ्या साठ्यावर शाळेचे तीन तास काढायचे असतात. दुसरं, शी येताना मुलाला कळतं का. पडद्याआड जाणं, कोपऱ्यात उकिडवं बसणं, खेळता खेळता थबकणं, हे कळण्याचं लक्षण आहे, मग ते बोलून दाखवो वा न दाखवो. तिसरं, चड्डी खाली करता येते का. बाकी खुर्चीवर बसून राहणं, मोठ्यांची नक्कल करणं वगैरे येतं तसं येईल.

मुली मुलग्यांच्या थोड्या पुढे असतात. अमेरिकेतल्या २००२ सालच्या एका अभ्यासात दिवसभर कोरडं राहण्याचं मध्य वय मुलींसाठी साडेबत्तीस महिने आणि मुलग्यांसाठी पस्तीस महिने आलं. मध्य वय म्हणजे निम्मी मुलं त्यानंतरच शिकतात.

आता हे आकडे आपल्या प्रवेशाच्या नियमाशेजारी ठेवू. महाराष्ट्रात नर्सरीसाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण व्हायला हवीत, असा शासनाचा २०२० सालचा निर्णय आहे. शाळा उघडते जूनच्या मध्यावर. डिसेंबरअखेर जन्मलेलं मूल पहिल्या दिवशी साडेएकोणतीस महिन्यांचं असतं. मुलगा असेल तर मध्य वयापेक्षा तब्बल साडेपाच महिन्यांनी लहान. त्याच वर्गात जानेवारीत जन्मलेलं मूल जवळजवळ एक वर्षाने मोठं असतं. पहिलं चड्डी ओली करतं आणि दुसरं करत नाही, यात पहिल्याच्या आईचा काय दोष? शाळा दोघांना एकाच मोजपट्टीने मोजते. आणि प्लेग्रुप तर दीड-दोन वर्षांच्या मुलांनाही घेतात, राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या प्लेस्कूलसाठीच्या मार्गदर्शक नियमांत तीन वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये असं म्हटलेलं असूनही.

या घाईचा सर्वांत वाईट परिणाम दिसतो तो शीवर, शूवर नव्हे. इथे जरा थांबते, कारण बालरोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारींचं मूळ इथे आहे आणि घरात ते ओळखलं जात नाही. मुलाला एकदा कडक शी होते, दुखतं, कधी रक्ताचा ठिपका दिसतो. पुढच्या वेळी कळ आली की ते पाय आवळून उभं राहतं. घरच्यांना वाटतं जोर करतंय. खरं तर ते अडवून धरत असतं. अडवलेली शी आत अजून सुकते, मोठी होते, आणि पुढची वेळ आणखी दुखते. काही आठवड्यांत गुदाशय ताणलं जातं आणि कळ येणंच मंदावतं. मग घट्ट गोळ्याच्या कडेने पातळ शी चड्डीत झिरपू लागते. शाळेतून निरोप येतो, ‘मूल मुद्दाम करतं’ किंवा ‘जुलाब होतायत, दोन दिवस घरी ठेवा’. ते ना मुद्दाम असतं ना जुलाब. ते बद्धकोष्ठ असतं. भरलेलं गुदाशय मूत्राशयालाही ढकलतं, म्हणून याच मुलांची लघवीही गळते. तौबमन या बालरोगतज्ज्ञाने १९९७ सालच्या अभ्यासात पाहिलेल्या ४८२ मुलांपैकी २२ टक्क्यांनी शूची सवय लागल्यावरही किमान महिनाभर पॉटीत शी करायला नकार दिला होता. अशा मुलाला रागावून, ताटकळत बसवून काही होत नाही. डायपर मागितलं तर ते द्यावं. दुधाच्या बाटल्या कमी कराव्यात, बिस्किटांच्या जागी केळं, पपई, भाजी-वरण द्यावं. बसताना तळपाय टेकायला पाट द्यावा. आणि पंधरा दिवसांत सुधारणा नसेल तर डॉक्टरांकडून शी मऊ करणारं औषध घ्यावं. ते कित्येक महिने चालतं आणि मध्येच बंद केलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, हे घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं.

शाळेत जाणारं मूल शी अडवतं याची कारणं शाळेतच असतात. घरी कमोड, शाळेत उकिडवं बसायचा संडास. किंवा नेमकं उलट. मोठ्यांच्या मापाचं भांडं, त्यात पडायची भीती. दाराची कडी वर, नळ वर, आत अंधार. आणि धुणार कोण? अडीच-तीन वर्षांच्या मुलाला स्वतःला धुता येत नाही. ते चौथ्या-पाचव्या वर्षी जमतं. म्हणजे चड्डी ओली न करणारं मूलसुद्धा शाळेत मोठ्या माणसाच्या हातावर अवलंबून असतं. तो हात बहुतेक शाळांत मावशींचा असतो. एका मावशीकडे दोन-तीन वर्ग, झाडलोट, डबे, घंटा, आणि त्यात ही मुलं. तिचा पगार शाळेत सर्वांत कमी असतो. मुलाची शी धुणं हे काम हलकं मानण्याची आपली जुनी आणि जातीच्या उतरंडीतून आलेली सवय तिच्या पगारातही दिसते. मूल दिवसभर सर्वांत जास्त ज्या माणसावर विसंबून असतं, त्याला बालशिक्षणाचा एकही दिवस शिकवलं जात नाही, हे मला फार खुपतं.

२०२४ सालच्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या स्वच्छतागृहात दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं आणि सगळं राज्य हादरलं. त्यानंतर चर्चा झाली ती कॅमेऱ्यांची आणि चारित्र्यपडताळणीची. त्या गोष्टी हव्यातच. पण मुलीला संडासात कोण नेतं, तिच्याबरोबर कोण थांबतं, ती जागा वर्गापासून किती लांब आहे, हे प्रश्न शी-शूच्या सवयीचेच प्रश्न आहेत. घरी सवय लावतानाच मुलाला आपल्या अवयवांची नावं सांगावीत, शाळेत धुवायला फक्त कोणाला सांगायचं ते ठरवून द्यावं, आणि कोणी वेगळा हात लावला तर घरी येऊन सांगायचं, हेही त्याच ओघात शिकवावं. ‘घाण, घाण’ म्हणून गप्प केलेल्या मुलाकडे ते सांगायला शब्दच राहत नाहीत.

आपल्याकडे खेड्यांतल्या बालशिक्षणाची सुरुवात खरं तर मुलांच्या स्वच्छतेच्या कामापासूनच झाली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि आधी मुलांना आंघोळी घातल्या, नखं काढली, नाकं पुसली. अक्षरं नंतर. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये त्यांनी हेच चालू ठेवलं. स्वच्छता हा त्यांच्याकडे शिक्षणाचा भाग होता. शिक्षिका तो स्वतःच्या हाताने करत होत्या. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास योजना आली आणि तिच्या केंद्रांना जे नाव मिळालं, ते ताराबाईंच्या अंगणवाडीचं. आज राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. तिथे सेविका किंवा मदतनीस मुलाला ओळखते, त्याच्या आईला ओळखते, ओल्या चड्डीसाठी सहसा कोणी घरी परत पाठवत नाही. संडास नाही, असला तर पाणी नाही, ही तिथली अडचण आहे. इंग्रजी नर्सरीत फरशी चकचकीत असते आणि माया कमी पडते. दोन्हीकडचं चांगलं एका ठिकाणी आणणं पैशाच्या हिशेबात फार महाग नाही.

ब्रिटनमध्येही हा प्रश्न सध्या गाजतो आहे. तिथे रिसेप्शनच्या वर्गात, म्हणजे चार-पाच वर्षांच्या वयात, साधारण चारांपैकी एका मुलाची सवय पुरी झालेली नसते, असं शिक्षकांनी एका पाहणीत सांगितलं. वेल्समधल्या ब्लायनाउ ग्वेंट परिषदेने २०२४ साली अशा मुलांचे डायपर बदलायला पालकांनी शाळेत यावं असं जाहीर केलं. नोकरी करणाऱ्या आईने ते कसं करायचं, हा प्रश्न तिथे जितका खरा आहे तितकाच पुण्यात आणि नाशकात. स्वमग्न मुलं, डाऊन सिंड्रोम असलेली मुलं, पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेली मुलं यांना तर चार वर्षांनंतरही मदत लागते, काहींना कायम लागते. ‘ट्रेन्ड’ मुलांनाच प्रवेश देणारी शाळा या मुलांना दारातूनच परत पाठवते.

जूनमध्ये शाळा असेल तर सवयीला एप्रिल-मे हे महिने उत्तम. उन्हाळ्यात मूल उघडं फिरू शकतं, ओलं लगेच वाळतं, मामाच्या घरी मोठ्या भावंडांचं बघून शिकणं होतं. शाळेच्या आदल्या आठवड्यात डायपर काढून टाकणं मात्र टाळावं. नवी जागा, नवे चेहरे आणि नवी सवय एकदम नको. शाळा सुरू होते ती पावसात. हवा गार, लघवी जास्त, कपडे वाळत नाहीत आणि आलेली सवय चार दिवस मागे जाते. घरात नवं बाळ आलं तरी असंच होतं. बटणं आणि पट्ट्यांची चड्डी, डंग्री हे प्रकार या वयात घालू नयेत. इलॅस्टिकची चड्डी मूल स्वतः उतरवतं. रात्रीची काळजी शाळेशी जोडू नये. रात्रीचा ताबा वेगळा आणि उशिरा येतो. पाचव्या वर्षी सुमारे पंधरा टक्के मुलं अंथरूण ओलं करतात आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं.

प्रवेशाचं वय ठरवणाऱ्या शासनाने त्याच निर्णयात चार ओळी घालाव्यात, अशी माझी मागणी आहे. शी-शूची सवय नाही म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. पूर्वप्राथमिकच्या प्रत्येक वर्गाला एक स्वतंत्र, प्रशिक्षित मदतनीस असेल आणि तिला कुशल कामाचा पगार मिळेल. संडास वर्गाच्या शेजारी आणि मुलाच्या मापाचा असेल. आणि मुलाने ‘शू लागली’ म्हटलं की कुठल्याही तासाला त्याला जाऊ दिलं जाईल, परवानगीसाठी हात वर करून थांबावं लागणार नाही.